सोनवणे सरांचे पाहुणे

विमानात बसण्याआधी आम्ही वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. माझं हल्लीचं विमान चांगलं शे-दीडशे माणसांचं आहे. मी खाली उतरतो, चाकांपाशी वाकतो, इंजिनात डोकावतो, पंखाखाली मान वर करून बघतो. एकदा प्रवासी उतरताना दारात एका आजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी खिडकीतून बघत होते हो. किती मायेनं बघत होतात सगळीकडं!" मी त्यांना नमस्कार केला आणि गडबडीनं आत वळलो. हे बघणं मला सोनवणे सरांनी शिकवलं आणि त्याच सोनवणे सरांचं मी काय केलं, हे आजींना कळलं असतं तर त्यांनी माझा हात झटकून टाकला असता.

मुरलीधर सोनवणे मूळचे मनमाडचे. त्यांचे वडील रेल्वेत होते. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर टोला मारत जायचं आणि आवाजावरून चीर ओळखायची, हे त्यांचं काम. सर सांगायचे, "आमचे नाना म्हणायचे, गाडीत बसलेला माणूस चाकाकडं कधी बघत नाय. तो जागा बघतो, खिडकी बघतो, चहावाला बघतो. म्हणून चाकाकडं आपण बघायचं." सर स्वतः आधी हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीवर होते. तिथून पस्तिशीत बाहेर पडले आणि ज्या वयात माणसं प्लॉट बघत हिंडतात त्या वयात उडायला शिकले, पुढे शिकवायलाही लागले.

नाशिकच्या बाहेर द्राक्षबागांच्या कडेला आमचा एक लहानसा फ्लाइंग क्लब होता. आता तो नाही. एक धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर आणि दोन-दोन माणसांची तीन विमानं, त्यातलं एक कायम सुटं करून ठेवलेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथं शिकायला गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. इंदिरानगरहून स्कूटरवर जायचो आणि गल्लीत सगळ्यांना दिसेल असा गॉगल घालायचो. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "डोळ्यांना काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. "मग काढ तो. झाकायला डोळे नाय दिलेले."

बुटका, गोल चेहऱ्याचा, स्वच्छ इस्त्रीची खाकी पँट घालणारा माणूस. दिसायला शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांसारखा. हाताची सगळी नखं बारीक कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं. पुढच्या पंख्याच्या धारेवरून ते हे नख हळूच फिरवत. खड्याचा टवका उडालेला असला की नख अडायचं. आम्हाला डोळ्यांनी काही दिसायचं नाही, सर मात्र म्हणायचे, "हे बघ, इथं थांबलं. आज दाण्याएवढं हाय, उद्या पातं इथनंच तुटेल." त्यांच्या बायको, सुमनकाकू, त्या नखाला फार वैतागायच्या. "भात तरी डाव्या हातानं खा," म्हणायच्या. सर काकूंचं एरवी सगळं ऐकत, पण नख काही कापत नसत.

पत्र्याच्या जोडावर रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्या, असतात. एखादी सैल झाली की ती उडताना थरथरते, घासते आणि तिच्यामागे एक काळसर रेघ उमटते. पुस्तकात तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सर म्हणायचे, "हिनं काजळ घातलंय." मग तर्जनीनं ती रेघ पुसायचे, बोट आम्हाला दाखवायचे आणि विचारायचे, "बाई सकाळी सकाळी काजळ घालून कुठं निघाल्या? जायच्या तयारीत हायेत. थांबवा त्यांना." आम्ही हसायचो. पण पुढच्या प्रत्येक फेरीत आमचे डोळे काजळ शोधायचे.

सरांचं हे बघणं विमानापुरतंच असतं तर बरं होतं. क्लबच्या कारकुनाच्या लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. वरात निघायची वेळ, बँड सुरू झालेला, नवरदेव घोडीवर पाय टाकणार तेवढ्यात सर वाकून घोडीच्या पोटाखाली गेले. पोटावरून घेतलेला पट्टा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला आणि हात वर केला. "थांबा. हा शिवणीत गेलाय." नवरदेवाचे मामा तापले. "अहो, तुम्ही पोरीकडचे का पोराकडचे?" सर म्हणाले, "मी घोडीकडचा." पट्टा बदलेपर्यंत बँडवाल्यांनी तेच गाणं तीनदा वाजवलं. मामा जेवताना सरांशी बोलले नाहीत, सरांनी मात्र त्यांना आग्रहानं जिलेबी वाढली.

पुढाऱ्याची गोष्ट तर क्लबात नव्या पोरांना आवर्जून सांगितली जायची. एक मोठे पुढारी वरून आपली जमीन बघायला आले होते. गळ्यात हार, मागे पाच-सहा माणसं, वेळ नाही. सरांनी फेरी मारली आणि हवेचा वेग मोजणाऱ्या नळीपाशी थांबले. पंखाखाली बोटाएवढी नळी असते. तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर करायला घेतलं होतं. सर म्हणाले, नळी उतरवून साफ करावी लागेल, तास-दीड तास तरी लागेल. पुढारी म्हणाले, "एवढ्याशा मातीसाठी?" सर शांतपणे म्हणाले, "साहेब, एवढीशीच माती तुमच्या नाकात घालू का? मग सांगा उडायचं का ते." मागची माणसं पुढं सरसावली. पुढारीच हसले म्हणून बरं. तास-दीड तास त्यांनी हँगरमध्ये चहा पीत काढला.

पण सर आमच्या लक्षात राहिले ते पाहुण्यांमुळे.

आमच्या आधीची पोरं विमानाची फेरी देवळाच्या प्रदक्षिणेसारखी मारायची. पंखाला हात लाव, शेपटीला हात लाव, झालं. ते बघून सरांनी एक पद्धत काढली. आमच्या फेरीआधी ते विमानात कुठंतरी मुद्दाम एक खोट ठेवायचे. बिजागरीत दोऱ्याचा तुकडा, एखाद्या भोकावर चिकटपट्टी, टाकीचं झाकण अर्धा आटा सैल. ह्या खोटीला त्यांचं नाव होतं पाहुणा. "जा, पाहुणा कुठं बसलाय ते बघून ये." सापडला तर उडायचं. नाही सापडला तर सर स्वतः जाऊन तो काढायचे आणि म्हणायचे, "पाहुणा घरात, आपण दारात. उद्या या." शिवाय कुठला पाहुणा कुठं ठेवला हे एका छोट्या वहीत लिहायचे आणि काढला की ओळ खोडायचे. एखादा विसरून आतच राहू नये म्हणून ही खबरदारी. फारच मूर्खपणा झाला तर आईच्या माहेरची, सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची. "डोया शेतस का बटनं?" म्हणजे, डोळे आहेत की बटणं?

आणि दर वेळी, पाहुणा सापडून आम्ही नाचत आलो की, ते एक वाक्य म्हणायचे. "पाहुणा सापडला म्हणजे घर बघून झालं नाय, बरं का." आम्ही मान डोलवायचो. खरं सांगायचं तर आम्ही घर बघतच नव्हतो, पाहुणाच शोधत होतो. तो सापडला की परीक्षा संपली असं वाटायचं. सरांच्या पद्धतीत खोट होती ती ही, आणि ती सरांना दिसत होती म्हणूनच ते वाक्य होतं. आम्हाला ते वाक्य पाठ होतं, एवढंच.

त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं. सरांचा गुडघा महिनाभर दुखत होता आणि डॉक्टरांनी त्यांना विमान ढकलायला मनाई केली होती. ढकलायचं अशासाठी की विमान उभं असताना टायरचा जो भाग जमिनीवर टेकलेला असतो, तो दिसत नाही. विमान थोडं पुढे ढकलून चाक फिरवलं तरच टायर सगळीकडून बघता येतो. लहान विमान एकट्यालाही ढकलता येतं, पण घाम निघतो. सर हँगरच्या सावलीत स्टुलावर बसले होते. मी फेरीला निघालो आणि दुसऱ्याच मिनिटाला मला उजव्या पंखाच्या बिजागरीत खाकी दोरा सापडला. इतक्या लवकर पाहुणा मला कधीच सापडला नव्हता. मी तो झेंड्यासारखा वर धरला. सरांनी लांबूनच हात केला. उरलेली फेरी मी चालत मारली, बघत नाही.

"चाकं फिरवून बघितलीस?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं.

असं खोटं बोलायला काही कारणही नव्हतं. ऊन होतं, शर्ट नवा होता, पाहुणा सापडला होता. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आम्ही उडालो.

उतरताना डाव्या चाकाचा टायर फुटला. विमान डावीकडं ओढलं गेलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि पाण्याच्या चरात जाऊन नाक खाली करून थांबलं. पंख्याची पाती वाकली, डावा पंख चेपला. सरांचं कपाळ समोर आपटून फुटलं होतं. ते म्हणाले, "पेट्रोल बंद कर. बटणं बंद कर. आता उतर." आवाज रोजच्यासारखाच. मला खरचटलंही नव्हतं. मी बाजूला उभा होतो आणि सर कपाळावर रुमाल दाबून, त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसून, फाटलेला टायर बघत होते. एका जागी टायर आधीच तळहाताएवढा घासून सपाट झालेला होता, आतलं कापड उघडं पडलं होतं. आधी कुणीतरी करकचून ब्रेक लावून चाक फरफटवलं होतं आणि तो भाग नेमका खाली टेकून विमान उभं राहिलं होतं. ते कुणाचं काम, हे कधीच कळलं नाही.

सरांनी मान वर केली. "फिरवलं होतंस ना रे?"

तिथं आम्ही दोघंच होतो. क्लबची जीप अजून यायची होती. तेव्हा खरं बोललो असतो तर सरांनी फार तर एक थोबाडीत दिली असती आणि मग खांद्यावर हात ठेवला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "हो सर."

चौकशीला दिल्लीहून एक अधिकारी आले. क्लबच्या ऑफिसात टेबल मांडलं होतं. मी आत गेलो तेव्हा वडिलांनी सांगितलेलं एकच वाक्य डोक्यात होतं, परवाना हातातून जाता कामा नये. अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, चाक फिरवून पाहिलं होतं का. मी हो म्हटलं. तेव्हा टायर कसा होता? चांगला होता. ते म्हणाले, "असं कापड एका लँडिंगमध्ये उघडं पडत नाही. तुम्ही पाहिलं तेव्हा चांगला होता, तर मग तुमच्या तपासणीनंतर विमानाजवळ कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, "सोनवणे सर."

ते खरंच होतं. सर माझ्याबरोबरच विमानाकडं गेले होते. मग मी आणखी एक खरी गोष्ट सांगितली, जी मला कुणी विचारलीही नव्हती. "सर आमच्या तपासणीसाठी विमानात मुद्दाम काहीतरी करून ठेवतात." अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं. "काहीतरी म्हणजे?" मी पाहुण्यांबद्दल सांगितलं. वहीबद्दलही सांगितलं. सांगताना मला हलकं वाटत होतं, कारण त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं लपवायला खऱ्याइतकी सोयीची वस्तू नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. हे शिक्षण मात्र सरांचं नव्हे.

वही मागवली गेली. सरांच्या वळणदार अक्षरात, खोडलेल्या ओळींची पानं. त्यात एका जुन्या पानावर लिहिलं होतं, "डावा टायर, खालून चिकटपट्टी." पोरांनी चाक फिरवावं म्हणून सरांनी एकदा ठेवलेला पाहुणा होता तो. सर म्हणाले, "ह्या टायरला मी हात लावलेला नाय. पण तो मी स्वतः बघायला पाहिजे होता. दुसऱ्याच्या 'हो'वर उडालो ही चूक माझी." तो दुसरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. अहवालात आलं की प्रशिक्षक उड्डाणापूर्वी विमानाशी छेडछाड करत असत. त्यांचा शिकवण्याचा परवाना गेला, नोकरी गेली. ते हँगरमधून निघाले तेव्हा आम्ही पोरं रांगेत उभे होतो. त्यांनी प्रत्येकाच्या हातात हात दिला. माझ्याही दिला. मी खाली बघत होतो.

पुढची आठ-दहा वर्षं मी नाशिकला आलो की पंचवटीच्या बाजूला जात नसे, कारण सर तिथं राहत. खाजगी विमान कंपन्या धडाधड माणसं घेत होत्या, त्यात मीही लागलो. मग एकदा सुट्टीत आई म्हणाली, "तुझे ते सोनवणे सर हल्ली गाडी शिकवतात. आपल्या शेजारच्या वहिनी जातात त्यांच्याकडं. फार चांगलं शिकवतात म्हणे." मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी गेलो.

भाजीबाजाराजवळच्या गल्लीत एक गाळा, त्यावर मोटर ट्रेनिंग स्कूलची पाटी, बाहेर शिकवायची छोटी पांढरी गाडी. सरांचे केस पिकले होते. मला बघून उठले. "प्रसाद! ये, ये. कॅप्टन झालास का?" मी म्हटलं, दोन महिन्यांत होईन. त्यांनी चहा सांगितला. कुठलं विमान, इंजिन कुठलं, उतरताना वजन किती, हे सगळं इतक्या हौसेनं विचारलं की मला बोलणं अवघड झालं. शेवटी चहा आला तेव्हा मी कपाकडं बघत म्हटलं, "सर, त्या दिवशी मी चाक फिरवलं नव्हतं."

"माहिती हाय," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"चरात उतरलो तेव्हापासून. ते कापड आंधळ्यालापण दिसलं असतं. आणि तुझे डोळे चांगले होते."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"ते तू बोलायचं होतं ना भाऊ."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आता ते पाठीवर हात ठेवतील. लाज वाटते लिहायला, पण मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. सरांनी खण उघडला. एक कोरा कागद काढला, पेन काढलं, टोपण उघडलं आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"लिहून दे," ते म्हणाले. "आत्ता बोललास तेवढंच. दोन ओळी. मी दिल्लीला पाठवतो. परवाना नको मला, उडायचं वय गेलं. पण मी विमानाचं वाईट केलं असं तिथं लिहिलंय. तेवढं खोडून घ्यायचंय."

चौकशीत खोटं बोललो हे माझ्या सहीनं दिल्लीला गेलं तर काय होईल, ह्याचा हिशोब माझ्या डोक्यात सरांचं वाक्य संपायच्या आत झाला होता. मी म्हटलं, "सर, जरा... एकदा वकिलाला विचारतो. म्हणजे नीट शब्दांत..."

"विचार," सर म्हणाले. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं.

मी वकिलाला विचारलं नाही. कॅप्टन झालो. चार वर्षांनी सर गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एका हॉटेलच्या खोलीत दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म लावत होतो. सुमनकाकूंना भेटायला जायची हिंमत झाली नाही. आज हे एवढं लिहिलं, पण हा तो कागद नव्हे. तो ज्यांना हवा होता, त्यांना आता तो देता येणार नाही.

सरांनी कागद समोर ठेवला त्या दिवशी मी गाळ्यात बसलेलो असतानाच त्यांच्याकडं शिकणाऱ्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या, घाबरलेल्या. सर उठले, मला म्हणाले, "चहा घेऊन जा, गार होईल," आणि बाहेर गेले. बाईंनी गाडी सुरू केली, ती गचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. गल्लीत मागे रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या. बाईंनी स्टिअरिंग सोडून तोंडावर हात धरले. डाव्या सीटवरून सर म्हणाले, "घाबरू नका ताई. मी बाजूला हाय ना. चुकलं तर माझ्यावर येईल, तुमच्यावर नाय." गाडी हळूहळू निघाली आणि भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत वळणाआड गेली. टेबलावरचा कोरा कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. मी त्यावर माझा रिकामा कप ठेवला आणि ते परत यायच्या आत तिथून निघालो.